लवेच्या जाकिटाची निगा

शनिवारीं रात्रीं कसाऱ्याकडे जाणारी लोकल टिटवाळा स्टेशनांत शिरते, तेव्हां फलाटावर पाठीस मोठाल्या सॅक बांधलेलीं कांहीं तरुण मंडळी हमखास उभी असते. कोणास आसनगांवास उतरून पहाटे माहुलीचा किल्ला चढावयाचा असतो, तर कोणास कसाऱ्याहून पुढें जाऊन कळसूबाईची वाट धरावयाची असते. सह्याद्रीच्या कड्यांवर पाय तयार झाले कीं मन हिमालयाकडे ओढ घेऊं लागतें, आणि मग एके दिवशीं घरांत एक नवीन वस्तु येते. हातांत घ्यावी तर वजन अर्ध्या किलोच्या आंतबाहेर. दिसावयास मात्र उशीसारखी फुगलेली. हेंच तें डाऊन जॅकेट. पक्ष्यांच्या पिसांखालीं जी अतिशय मऊ लव असते ती यांत भरलेली असते. म्हणून त्यास लवेचें जाकीट म्हणण्यास हरकत नाहीं.

हें जाकीट बहुधा मुलाच्या पहिल्या पगारांतून येतें, किंवा परदेशीं असलेली मावशी तें घेऊन येते. किंमत ऐकून घरांतील वडील मंडळी क्षणभर स्तब्ध होतात. काळू नदीच्या कांठच्या या गांवांत पौष महिन्यांतही एका स्वेटरावर भागतें. तेव्हां वर्षांतले दहाबारा दिवस हिमालयांत आणि उरलेले सारे दिवस कपाटांत, असा या वस्तूचा जन्म जातो. ती खराब होते ती प्रायः या दुसऱ्या काळांत, घरींच.

एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. मे महिन्याच्या अखेरीस मुलगा हिमालयांतून परत आला आहे. जाकिटाच्या गळपट्टीवर घामाचा काळा थर बसला आहे, बाहीवर रश्श्याचा डाग आहे. आई तें मोठ्या मायेनें बादलींत भिजत घालते, नेहमींच्या पावडरीनें चोळते, दोन्ही हातांनीं पिळते आणि तारेवर टांगते. दुसऱ्या दिवशीं तें वरून कोरडें लागतें. लागलीच त्याची घडी होऊन तें दिवाणाच्या पेटींत गाद्यांखालीं जातें, आणि पाऊस सुरू होतो. डिसेंबरांत पेटी उघडतांच कुबट वास येतो. कप्प्याकप्प्यांतून चिंचोक्याएवढ्या गुठळ्या हातास लागतात. गाडी संध्याकाळची असते, दुसरें जाकीट आणावयास वेळ नसतो. मुलगा तेंच सॅकमध्यें कोंबतो आणि निघतो.

या निघण्यांत किती धोका आहे तें थोड्या हिशेबानें कळेल. उंची एक हजार मीटरनें वाढली कीं हवेचें उष्णतामान सरासरी साडेसहा अंशांनीं उतरतें. उत्तराखंडांतील केदारकंठ हें शिखर सुमारें ३,८०० मीटर उंच असून आपल्याकडील पुष्कळ मुलें हिंवाळ्यांत तेथें जातात. टिटवाळ्यास रात्रीं पंधरा अंश असतील, तर नुसत्या उंचीच्या हिशेबानें तेथें शून्याखालीं दहाच्या सुमारास पारा गेला पाहिजे. वारा आणि बर्फ हीं निराळींच. माणसाच्या शरीराचें आंतील उष्णतामान ३७ अंशांच्या आसपास असतें. तें ३५ च्या खालीं गेलें कीं अंग थडथडूं लागतें, जीभ जड होते, हातांना गांठ सुटत नाहीं, आणि पुढें विचारशक्तीच मंद होत जाते. आपणांस काय होत आहे हें त्या माणसास स्वतःला कळेनासें होतें, हाच यांतील मोठा घात. अशा वेळीं गुठळ्या झालेलें जाकीट अंगावर असून नसल्यासारखें असतें.

लव ऊब कशी देते हें समजलें म्हणजे तिची निगा आपोआप समजते. जुन्या घरांतील गृहिणींना पिंजारी आठवत असेल. वर्ष दोन वर्षें वापरून गादी दगडासारखी दबली कीं तो दारांत येई, धनुकलीच्या तांतेवर कापूस पिंजून काढी, आणि तोच कापूस, तितक्याच वजनाचा, पुन्हां गादीभर फुगे. पिंजाऱ्यानें कापूस वाढविलेला नसे. त्यानें तंतू सोडवून त्यांच्यामध्यें हवा भरलेली असे. ऊब देणारी वस्तु ही हवाच होय. कोंडून स्थिर झालेली हवा उष्णतेची फार मंदवाहक आहे. ती शरीराची उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. कापूस, लोंकर, लव हीं सर्व त्या हवेस धरून ठेवणारीं निरनिराळीं पिंजरीं आहेत, इतकेंच.

यांत लवेचें पिंजर सर्वांत हलकें. हंस व बदक यांच्या छातीवर, वरच्या पिसांच्या आड, लवेचे झुपके असतात. पिसाला मधोमध ताठ दांडी असते. लवेला ती नसते. एका सूक्ष्म बिंदूपासून शेंकडों तंतू सर्व बाजूंस पसरलेले असतात. तिची प्रत मोजण्याची रीतही हवेवरूनच ठरलेली आहे. जाकिटावर ६०० किंवा ८०० असा जो आंकडा छापलेला असतो, त्याचा अर्थ असा कीं, एक औंस म्हणजे सुमारें २८ ग्रॅम लव मोकळी सोडली असतां तितके घन इंच जागा व्यापते. ८०० घन इंच म्हणजे जवळजवळ तेरा लिटर. मूठभर लव एका बादलीचा बराचसा भाग भरून टाकते असा याचा अर्थ झाला.

परंतु हेंच तिचें मर्मस्थान आहे. ओल लागली कीं हे तंतू एकमेकांस चिकटतात, झुपका मिटतो आणि हवेची जागा पाणी घेतें. पाणी तर स्थिर हवेच्या सुमारें पंचवीसपट उष्णता वाहून नेतें. धनगराचें घोंगडें भिजलें तरी कांहीं ऊब राखतें, कारण लोंकरीचा तंतु मुळांत कुरळा व ताठर असतो. भिजलेली लव मात्र जवळजवळ कांहींच राखत नाहीं. तेव्हां लवेचा खरा शत्रु मळापेक्षांही ओल हा आहे. जाकीट धुणें, वाळविणें आणि ठेवणें या तिन्हींचे सर्व नियम या एकाच गोष्टींतून निघतात.

लवेच्या या गुणाचा गिर्यारोहणांत प्रथम उपयोग करणाऱ्यांपैकीं एका गृहस्थाचा आपल्या पुण्याशीं संबंध आलेला आहे, हें थोड्यांस ठाऊक असेल. १९२२ सालच्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेंत जॉर्ज फिंच नांवाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनीं विमानाच्या फुग्याच्या कापडांत आयडर जातीच्या बदकाची लव भरून स्वतःसाठीं एक कोट करवून घेतला. लोंकरीच्या कोटांत वावरणाऱ्या सोबत्यांनीं त्याची प्रथम थट्टा केली. डोंगरावर पोंचल्यावर त्यांनाच त्याचा हेवा वाटूं लागला. त्या वर्षीं मे महिन्यांत फिंच व त्यांचे सोबती जेफ्री ब्रूस हे ८,३०० मीटरांहून अधिक उंचीवर पोंचले; तोंवर इतक्या उंचीवर कोणी गेल्याची नोंद नव्हती. पुढें १९५२ ते १९५७ या काळांत हेच फिंच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. त्यानंतर कांहीं दशकांनीं, २०१२ च्या मे महिन्यांत, त्याच पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले.

आतां मुख्य विषयाकडे वळावें. पहिला प्रश्न, जाकीट धुवावें केव्हां? शक्य तितकें कमी. प्रत्येक धुण्यानें लवेची थोडी झीज होते. एखादा डाग पडला असेल तर तेवढाच भाग, आंतील लव बोटांनीं बाजूस सारून, ओल्या फडक्यानें व सौम्य साबणानें पुसून काढावा. जाकिटाखालीं नेहमीं सुती किंवा लोंकरी सदरा घालावा. म्हणजे घाम व अंगचें तेल लवेपर्यंत जात नाहीं. गळपट्टी तेलकट झाली, दुर्गंध येऊं लागला, किंवा जाकीट झटकूनही पूर्वींसारखें फुगेना, तर मात्र धुणें आवश्यक समजावें. कारण घामाचा क्षार व तेल यांनींही लव मिटते, आणि मळक्या लवेस कसर लागते.

टिटवाळ्यासारख्या ठिकाणीं या प्रश्नाचें उत्तर पंचांग पाहून दिलें पाहिजे. ठाणें जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत. या चार महिन्यांत घरांतील मीठ पाझरतें, भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलेवर रात्रींतून पांढरी बुरशी धरते. अशा हवेंत लवेचें जाकीट घरच्या घरीं पुरतें वाळणें अशक्यच म्हणावें. मे महिन्याच्या मध्यापर्यंत जाकीट परत आलें, तर पावसापूर्वीं धुऊन, वाळवून घ्यावें. मृगाच्या तोंडावर आलें, तर धुवूं नये. डाग पुसून, पंख्याखालीं तीन-चार दिवस मोकळें ठेवून तसेंच जपावें, आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हाळी दिवसांत धुवावें. थोडा मळ चार महिने राहिला तर तो पुढें निघतो. आंत राहिलेली ओल मात्र लव कुजविते.

आतां धुण्याची रीत. लव, लोंकर, केस आणि नखें हीं सर्व केराटिन नांवाच्या एकाच जातीच्या द्रव्याचीं बनलेलीं आहेत. क्षार या द्रव्यास खातो. म्हणूनच आपल्याकडे शाल आणि रेशमी वस्त्र धुण्यास सोडा न वापरतां रिठ्याचें पाणी घेण्याची चाल पडली. लवेच्या जाकिटासही नेहमींची धुण्याची पावडर, सोडा व डाग काढण्याचें ब्लीच वर्ज्य समजावें. तीं लवेच्या अंगचें स्वाभाविक तेल काढून टाकतात आणि ती ठिसूळ होते. कपडे मऊ करणारें कंडिशनरही घालूं नये, कारण त्याचा चिकट थर तंतूंवर बसतो. केवळ लवेसाठीं केलेला द्रव साबण गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानांत मिळतो, तो सर्वांत चांगला. तो न मिळाल्यास लोंकरी कपड्यांचा सौम्य द्रव साबण अगदीं थोडा घ्यावा. ड्राय क्लीनिंगचीं द्रव्येंही लवेचें तेल हरण करतात. जाकिटाच्या आंतील पट्टीवर स्पष्ट परवानगी नसेल तर त्या वाटेस जाऊं नये.

प्रथम खिसे रिकामे करून सर्व चेनी लावाव्या, शिवण कोठें उसवली असल्यास दोन टांके घालावे, आणि जाकीट स्वयंपाकघरांतील तराजूवर ठेवून त्याचें वजन लिहून ठेवावें. याचें कारण पुढें येईल. मोठ्या टबांत कोमट, तीस अंशांच्या आंतलें, पाणी घेऊन त्यांत साबण मिसळावा आणि मग जाकीट हलकेंच दाबून बुडवावें. लव सहजासहजीं भिजत नाहीं. हवेचे बुडबुडे काढीत काढीत ती दाबावी लागते. अर्धा तास भिजूं द्यावें, तळव्यांनीं दाबावें, सोडावें, पुन्हां दाबावें. चोळणें, आपटणें आणि ब्रश मारणें हीं तिन्ही टाळावीं. नंतर पाणी बदलून निदान चार वेळां, फेंस येईनासा होईपर्यंत, खळबळून काढावें. बोअरच्या जड पाण्यांत साबण लवकर सुटत नाहीं आणि पांढरा साका मागें राहतो. शेवटचीं दोन पाणीं तरी नळाचीं असावीं. वॉशिंग मशीन वापरावयाचें तर समोरून उघडणारें घ्यावें आणि नाजूक कपड्यांच्या फेऱ्यावर लावावें. मधोमध घुसळण्याचा दांडा असलेल्या यंत्रांत आंतील पातळ पडदे फाटण्याचें भय असतें.

भिजलेलें जाकीट उचलण्याचा क्षण सर्वांत नाजूक. सगळें पाणी लवेंत भरलेलें असतें. एका खांद्यास धरून वर ओढलें तर त्या भारानें आंतले कप्पे फाटतात, आणि लव एका कोंपऱ्यांत जाऊन बसते. तान्ह्या मुलास न्हाणीघरांतून आणतात तसें खालीं दोन्ही हात घालून तें उचलावें, कोरड्या पंचावर पसरावें, वर दुसरा पंचा घालून दाबावें. पिळूं नये.

वाळविणें हें या सगळ्या कामाचें अर्धें अंग आहे आणि घाई नडते ती येथेंच. ज्या लॉन्ड्रींत कपडे फिरवून वाळविण्याचें गरम हवेचें यंत्र आहे तेथें सोय झाली तर उत्तम. आंच अगदीं कमी ठेवावी आणि जाकिटाबरोबर दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू टाकावे. फिरतां फिरतां ते चेंडू लवेच्या गुठळ्या ठोकून फोडतात. पिंजाऱ्याचेंच तें काम. यासही दोन-तीन तास सहज लागतात. यंत्र नसेल तर गच्चीवर सांवलींत खाट टाकावी, तिच्यावर जुनें लुगडें पसरावें आणि जाकीट आडवें ठेवावें. प्रखर ऊन दीर्घकाळ लागल्यास नायलॉनचें कापड विरतें, म्हणून सांवली. दर तासा-दोन तासांनीं तें उलटावें आणि प्रत्येक कप्प्यांतील गुठळी बोटांच्या चिमटींत धरून हळुवार मोकळी करावी. रात्रीं घरांत घेऊन पंख्याखालीं ठेवावें. उन्हाळ्यांतही असे दोन-तीन दिवस द्यावे लागतात.

वाळलें कीं नाहीं हें हातास कळत नाहीं; कापड प्रथम वाळतें, लव मागाहून. येथें लिहून ठेवलेलें वजन उपयोगीं पडतें. धुतल्यानें मळ गेला, म्हणजे वजन पूर्वींइतकें किंवा किंचित् कमी भरलें पाहिजे. वीस ग्रॅम जरी अधिक भरलें तरी तें आंत लपलेलें पाणी आहे असें समजावें आणि आणखी एक दिवस थांबावें. शिवाय जाकीट दिव्यासमोर धरून पाहावें. काळे ठिपके दिसले तर त्या गुठळ्या अजून ओल्या आहेत.

सांठविण्याचा नियम एकच: लवेवर भार नको व तिला ओल नको. प्रवासांत जाकीट लहान पिशवींत कोंबतात त्यास हरकत नाहीं. तो चार दिवसांचा प्रश्न असतो. महिनोन्महिने दाबलें तर मात्र लवेचे तंतू मोडतात आणि मग कितीही झटकलें तरी तें फुगत नाहीं. दिवाणाची पेटी यास्तव सर्वांत वाईट जागा. तेथें भारही आहे आणि तळाची ओलही. जाकीट रुंद हँगरवर कपाटांत टांगावें, किंवा सैल सुती खोळींत घालून वरच्या फळीवर ठेवावें. प्लॅस्टिकची बंद पिशवी आंतली दमट हवा आंतच कोंडते. डांबराच्या गोळ्या लवेस लागूं देऊं नयेत. त्यांचा वास वर्षभर जात नाहीं. कडुनिंबाचा पाला ठेवावयाचा तर तो कडकडीत वाळलेला असावा. श्रावणांत एखादा उघडीपीचा दिवस मिळाला कीं जाकीट बाहेर काढून दोन तास वारा द्यावा. लोणच्याच्या बरणीस जितकें जपतात तितकेंच.

पावसाळी कोटाची गोष्ट मात्र उलट आहे. ठाणें-कोंकणांतील शेतकरी डोक्यावर पानांचें इरलें घेई. त्यांत पाणी वरून ओघळे आणि खालून वारा खेळे. रबरी कोटांत पाणी येत नाहीं, पण घामानें अंग आंतून भिजतें. १९६९ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट गोर यांनीं टेफ्लॉन ताणून असंख्य सूक्ष्म छिद्रें असलेला पातळ पापुद्रा तयार केला. त्या छिद्रांतून घामाची वाफ बाहेर पडते, पावसाचा थेंब आंत येऊं शकत नाहीं. आजच्या उत्तम पावसाळी जॅकेटांत असा पापुद्रा असतो. तो घामानें व मळानें बुजतो, म्हणून हें जॅकेट वरचेवर धुतलें पाहिजे. अनेक जण तें खराब होईल या भीतीनें धूतच नाहींत आणि मग गळतें अशी तक्रार करतात. सौम्य द्रव साबणानें धुऊन तें पुरतें वाळवावें. पट्टीवर परवानगी असल्यास वर सुती फडकें घालून मंद इस्त्री फिरवावी. त्या उष्णतेनें कापडावरचा जलरोधक लेप पुन्हां जागा होतो आणि अळवाच्या पानावरून ओघळावें तसें पाणी ओघळूं लागतें.

तंबू व बूट यांविषयीं दोन शब्द पुरेत. तंबूच्या कापडास आंतून जो लेप असतो तो दमट हवेंत हळूहळू फुटतो, चिकट होतो आणि त्यास उग्र वास येतो. म्हणून माहुलीहून भिजून आलेला तंबू त्याच दिवशीं घरांत दोरीवर पसरावा. तो यंत्रांत धुवूं नये. बुटांचा चिखल धुऊन आंत वर्तमानपत्राचे बोळे भरावे आणि ते भिजले कीं बदलावे; शेगडीजवळ किंवा कडक उन्हांत ठेवल्यास चिकटविलेला तळवा सुटतो. कित्येक बुटांच्या तळव्यांत असा एक फेंस असतो, जो कपाटांत नुसता पडून राहिला तरी दमट हवेनें कांहीं वर्षांत भुगा होतो. वरून नवा दिसणारा बूट कड्यावर अकस्मात् तळवा टाकतो तो यामुळें. म्हणून जुने बूट प्रवासापूर्वीं आठवडाभर घालून, वांकवून, तळवा तपासून पाहावे.

जाकिटाचीही परीक्षा अशीच आधीं घ्यावी, आणि ती सोपी आहे. निघण्यापूर्वीं निदान आठ दिवस तें बाहेर काढावें, झटकावें आणि खाटेवर पसरावें. मग छातीवरच्या कप्प्यावर तळहात दाबून उचलून घ्यावा. कापड हाताबरोबर लागलीच वर आलें तर लव जिवंत आहे, मूल सुखरूप पाठवावें. तळव्याचा ठसा तसाच खोल राहिला तर जाकीट पुन्हां वाळवून, गुठळ्या फोडून पाहावें; तरीही तें उठलें नाहीं तर कोणाकडून दुसरें मागून आणण्यास अजून आठ दिवस हातीं असतात. गाडीच्या दिवशीं संध्याकाळीं ते नसतात.